किल्ल्याची शेवटची शिबंदी

२०२५च्या जानेवारीत राज्य सरकारने किल्ल्यांवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. या दोन बातम्यांच्या दरम्यान माझ्या फोनवर फोटोंची एक जोडी इतक्यांदा येऊन आदळली की ती मला पाठ झाली. डावीकडे एकमेकींना खेटलेल्या, काजळी धरलेल्या इमारतींचा अजस्र ठोकळा. उजवीकडे त्याच जागेवर वळणदार छपराचा मंडप, तळं, कातरलेली झुडपं. खाली मजकूर: ‘हाँगकाँगने किल्ला मोकळा करून दाखवला. आपण कधी?’ ही जागा म्हणजे हाँगकाँगच्या कौलून भागातला जुना चिनी किल्ला, आणि डावीकडचा ठोकळा म्हणजे त्यात वाढलेली, पुढे पाडलेली वस्ती. त्यावर उत्तर देणारे दुसऱ्या टोकाला. २०२४ साली या वस्तीवर बेतलेला एक हाणामारीचा सिनेमा गाजला होता. तो पाहिलेल्या मंडळींना वाटतं, की काय अफाट जागा होती ती, ती पाडून तिथे पार्क करणारे करंटेच म्हणायचे.

मी त्या बागेत दोनदा जाऊन आलो आहे, आणि माझ्या मते दोघांचाही नेम चुकतो. वस्ती हलवली ते योग्यच झालं, याबद्दल मला शंका नाही. पण तिथे ‘अतिक्रमण काढून किल्ला मोकळा केला’ हे साफ खोटं आहे, कारण ती वस्ती किल्ल्यावर बसलेली नव्हती. ती किल्ल्यातूनच निघाली होती. तिला तिथे टिकवून धरणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो किल्ला, आणि किल्ल्याचं नाव पुढे चालवणारीही ती वस्तीच. एवढं गाळून नुसते ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो लावले, की फोटो खरे राहतात आणि गोष्ट खोटी होते.

किल्ला तसा फार जुना नाही. मिठाच्या व्यापारावर नजर ठेवायला चीनच्या सोंग घराण्याच्या काळापासून तिथे चौकी होती म्हणतात, पण तटबंदी उभी राहिली ती १८४७मध्ये. म्हणजे आपला शनिवारवाडा जळून एकोणीस वर्षं झाल्यावर. पहिल्या अफूच्या युद्धात मार खाऊन चीनच्या छिंग घराण्याच्या दरबाराने १८४२मध्ये हाँगकाँग बेट इंग्रजांना दिलं होतं. त्या बेटासमोर, खाडीच्या या काठावर, ‘आम्ही अजून इथे आहोत’ हे सांगायला हा दगडी चौकोन बांधला गेला. आत यामेन, म्हणजे अधिकाऱ्याची कचेरी, थोडे सैनिक, चार दरवाजे. लष्करी कर्तबगारी यथातथाच. १८५४मध्ये बंडखोरांनी तो घेतला आणि काही आठवडे दाबून ठेवला. १८६०मध्ये कौलूनचं दक्षिण टोकही इंग्रजांकडे गेलं, तेव्हा सरहद्द किल्ल्याच्या अंगणात येऊन ठेपली.

खरी गंमत १८९८ची. इंग्रजांनी उत्तरेकडचा मोठा मुलूख ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि किल्ला त्या मुलखाच्या पोटात गेला. तेव्हा चीनने एक कलम घालून घेतलं: किल्ल्याच्या आत चिनी अधिकाऱ्यांचा अंमल चालू राहील, फक्त हाँगकाँगच्या संरक्षणाच्या लष्करी गरजेला त्याची बाधा होता कामा नये. या ‘फक्त’मध्ये पुढची नव्वद वर्षं मावली. मे १८९९मध्ये, आत चिनी फौज जमते आहे असा संशय घेऊन इंग्रज शिपाई चालून गेले. फौज तिथे नव्हतीच. तरी अधिकाऱ्याला हाकललं, आणि डिसेंबरात लंडनहून एकतर्फी हुकूम काढून किल्ला आपल्या वसाहतीचा भाग करून टाकला. चीनने तो हुकूम कधी मान्य केला नाही. छिंग घराणं १९११-१२मध्ये बुडालं, मग प्रजासत्ताक आलं, मग १९४९मध्ये कम्युनिस्ट आले. तीन राजवटी एकमेकींच्या वैरी, पण कौलूनच्या त्या साडेसहा एकरांवरचा दावा एकीनेही सोडला नाही.

आता तटबंदीचं काय झालं ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हाँगकाँग घेतलं आणि काय टाक विमानतळ वाढवायला किल्ल्याच्या तटाचे दगड उपसून नेले. बुरूज गेले, दरवाजे गेले. उरलं १८९८चं ते कलम. आणि मौज अशी, की दगडी तटाने जे काम कधी धडपणे केलं नाही ते या कागदी तटाने चोख केलं. युद्धानंतर चीनमधून पळून आलेले निर्वासित तिथे झोपड्या बांधून राहिले. जानेवारी १९४८मध्ये सरकार त्यांना उठवायला गेलं तेव्हा दंगल झाली आणि तिचे पडसाद म्हणून दक्षिण चीनमधल्या कॅन्टनमध्ये इंग्रजांची वकिलात जाळली गेली. त्यानंतर सरकारने हात आखडता घेतला. १९५९मध्ये आत एक खून झाला, तर खटला चालवण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हेच कोर्टाला आधी ठरवावं लागलं. आहे, असं कोर्टाने ठरवलं. पण साहेबाचं लक्ष तिथे नको तितकं कमीच राहिलं. तट नसलेल्या किल्ल्यात शिरायला सरकार बिचकतं, हे दृश्य जगात किती ठिकाणी दिसलं असेल? आपल्याकडच्या गडांची शिबंदी पगार थकला की पांगायची. कौलूनच्या गडाला मात्र पगाराविना, हुकमाविना, आपण शिबंदी आहोत याची जाणीवही नसलेली माणसं मिळाली, आणि त्यांनी तो पंचेचाळीस वर्षं लढवला.

ती राहत कशी होती? १९८७च्या पाहणीत साधारण ३३ हजार माणसं मोजली गेली, जेमतेम २.६ हेक्टरांत. म्हणजे चौरस किलोमीटरला साडेबारा लाख. सुमारे साडेतीनशे इमारती, दहा ते चौदा मजल्यांच्या, एकमेकींच्या आधाराने उभ्या, बहुतेकींना लिफ्ट नाही. सगळ्या वस्तीने मनापासून पाळलेला नियम एकच, तो उंचीचा. डोक्यावरून काय टाकवर उतरणारी विमानं जायची, म्हणून चौदाच्या वर कोणी गेलं नाही. सरकारी पाण्याचे नळ आठ. बाकी पाणी विहिरींचं, पंपाने गच्चीवर चढवलेलं. त्याचे पाइप गल्ल्यांवर जाळ्यासारखे पसरलेले आणि सदा गळणारे, त्यामुळे लख्ख उन्हातही गल्लीतून जाताना माणसं छत्री उघडायची. मधोमध तिन हाउ या समुद्रदेवीचं देऊळ होतं. वरच्या मजल्यांवरून पडणारा कचरा देवीच्या डोक्यावर येऊ नये म्हणून देवळावर तारेची जाळी ताणली होती. कचरा जाळीत साठायचा आणि खाली पूजा चालायची. कॅन्टनी बोलीत या जागेला ‘हाक नाम’, अंधाराचं शहर, असं दुसरं नाव पडलं होतं. तिथल्याच एका गल्लीचं नाव क्वाँग मिंग, म्हणजे उजेड. थट्टा सगळीकडची सारखीच असते.

वस्ती पाडण्याच्या बाजूचे मुद्दे मला मनापासून पटतात, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. आग लागली असती तर बंब आत जाणं अशक्य होतं. सांडपाणी उघडं, वायरी लोंबत्या, खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा. अशी जागा जपा म्हणणाऱ्याने आपल्या पोराबाळांना तिथे आठवडाभर ठेवून दाखवावं. रहिवाशांना भरपाई मिळाली, एकूण सुमारे २७० कोटी हाँगकाँग डॉलर, आणि त्यांची सोय लावली गेली. काहींना भरपाई पटली नाही, काहींना शेवटी १९९२मध्ये उचलून बाहेर काढावं लागलं, पण रातोरात बुलडोझर घालण्यापेक्षा ही रीत किती तरी बरी. जाहीर केलं जानेवारी १९८७मध्ये, पाडायला सुरुवात मार्च १९९३मध्ये. आजूबाजूचा कौलून सिटी भाग इतका दाट, की तिथे तीन हेक्टर मोकळी हवा म्हणजे चैन नव्हे, गरज. सकाळी सातला मी गेलो तेव्हा म्हातारीकोतारी ताई चीचा संथ व्यायाम करत होती, एका मंडपात बुद्धिबळ रंगलं होतं, आणि बागेला नावं ठेवायचं धाडस त्यांच्यासमोर मला झालं नसतं.

मग भांडण कशाशी? पहिली गोष्ट, ‘गुन्हेगारीचा अड्डा होता म्हणून साफ केला’ हे कारण. पन्नास आणि साठच्या दशकांत तिथे ट्रायड म्हणवणाऱ्या गुन्हेगारी टोळ्यांचं राज्य होतं, अफू, हेरॉइन, जुगार सगळं होतं, यात खोटं काही नाही. पण १९७३-७४मध्ये पोलिसांनी साडेतीन हजारांहून जास्त धाडी घालून टोळ्यांचं कंबरडं मोडलं. वस्ती पाडायचं ठरलं तोवर ती मुख्यतः कष्टकऱ्यांची झाली होती. हाँगकाँगभर रस्तोरस्ती उकळणारे माशांचे गोळे यातल्या कितीतरी खोल्यांत वळले जात. रस्त्याच्या बाजूला दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या ओळीने लागलेल्या. ही मंडळी चीनमध्ये शिकलेली, त्यांच्या पदव्या हाँगकाँगला चालत नव्हत्या, आणि कवळी स्वस्तात बसवून घ्यायला कौलूनचा कामगार त्यांच्याकडेच जायचा. पोस्टमन रोज पत्रं वाटायला येत होता. शहराला या माणसांचे गोळे चालत होते, कवळ्या चालत होत्या. मग ती बेकायदा ठरली कोणत्या हिशेबाने? वस्ती हलली त्याचं कारण वेगळं. १९८४मध्ये ब्रिटन आणि चीन यांचा हाँगकाँग परत देण्याचा करार झाला आणि त्या जुन्या कलमाची कोणालाच गरज उरली नाही. दोन सरकारांचं जमलं, की मधल्या फटीत राहणाऱ्याला उठावंच लागतं. कूचबिहारच्या छिटमहालांत, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांतही, दोन सरकारांचं जमल्यावर अशीच फट बुजली. भारत आणि बांगलादेश यांच्यातले १६२ तुकडे ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री अदलाबदल झाले, तोवर तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या कोणत्याच कार्यालयाच्या वहीत धड नव्हती. फरक इतकाच, की छिटमहालातल्या माणसांना कोणी ‘महाराजांच्या जमिनीवरचं अतिक्रमण’ म्हटलं नाही. त्यांना नागरिकत्व निवडायला सांगितलं.

दुसरी गोष्ट बागेची. वस्ती गेल्यावर तिथे उभं काय केलं? किल्ला तर नाहीच. डिसेंबर १९९५मध्ये जी बाग उघडली ती आहे आरंभीच्या छिंग काळातल्या च्यांगनान शैलीची, म्हणजे चीनमधल्या सुचौ शहराकडच्या धनाढ्यांनी आपल्या वाड्यांमागे करून घेतलेल्या बागांसारखी. प्रदेश हजारेक किलोमीटर उत्तरेचा, काळ किल्ल्याच्या कितीतरी आधीचा. १८४७च्या लष्करी ठाण्यात कमळाचं तळं आणि नक्षीदार खिडक्यांची भिंत कुठून असणार? थोडक्यात, जे तिथे होतं ते काढलं आणि जे तिथे कधीच नव्हतं ते ‘वारसा’ म्हणून वसवलं. हे का, तेही समजतं. १९९५ साली इंग्रज निघण्याच्या तयारीत, चीन येण्याच्या. वस्तीची आठवण दोघांनाही अडचणीची. एकाने शंभर वर्षं तिथे धड राज्य केलं नाही, दुसऱ्याने दावा सांगितला पण एक नळ बसवला नाही. छिंग सम्राट तेवढे सगळ्यांच्या सोयीचे, कारण त्यांना आता कोणी भीत नाही आणि त्यांच्याकडे कोणी भाडंही मागत नाही. बागेत १९९७च्या हस्तांतराची आठवण म्हणून एक शिळाही आहे.

न्यायाने बोलायचं तर बागेने वस्ती अगदीच पुसलेली नाही. पायवाटांना जुन्या गल्ल्यांची नावं दिली आहेत. यामेनच्या खोल्यांत फोटो आहेत, माहिती आहे. दक्षिण दरवाजाजवळ वस्तीची ब्राँझची प्रतिकृती ठेवली आहे. पण तिच्यापासून काही पावलांवर जे आहे त्यासमोर मी जास्त वेळ उभा राहिलो. जमीन उकरून खाली केलेला खड्डा, त्यात दरवाजाचा पाया, तटाच्या आतल्या बाजूची फरसबंदी, एक गटार. आणि दोन फुटक्या शिळा. एकीवर ‘दक्षिण दरवाजा’ कोरलेलं, दुसरीवर किल्ल्याचं नाव. वस्ती पाडल्यावर झालेल्या उत्खननात या सापडल्या आणि १९९६मध्ये त्यांना संरक्षण मिळालं. इंग्रजांनी तीस-चाळीसच्या दशकांत आतली बहुतेक घरं पाडली, जपान्यांनी तट नेला. हे दगड त्यातून वाचले ते इमारतींच्या पोटाखाली गाडले गेले म्हणून. यामेनची गोष्टही तीच. अंगणात दोन तोफा, १८०२च्या, आणि मागे ती कौलारू बैठी वास्तू. अधिकारी गेल्यावर ती कधी वृद्धांचा आसरा झाली, कधी शाळा, कधी दवाखाना. चारही बाजूंनी दहा-बारा मजले चढले तरी हा एक बैठा तुकडा कोणी गिळला नाही, कारण तो वापरात होता. आज तिकडे बोट दाखवून ‘हा अस्सल छिंग वारसा’ म्हणतात. तो राखला कोणी? ज्यांना अतिक्रमण म्हणता, त्यांनीच ना?

सिनेमा पाहून हळहळणाऱ्यांनाही माझं एक विचारणं आहे. तुम्हाला हवं होतं ते नेमकं काय? गल्लीतला अंधार, की त्यात राहणारा माणूस? अंधार जपायचा तर माणसाला त्यात कोंडूनच ठेवावं लागलं असतं. दुसऱ्याच्या गळक्या छताखाली आपल्या कॅमेऱ्यासाठी प्रकाश चांगला पडतो, हे काही वारसा जपण्याचं कारण होऊ शकत नाही. या मंडळींची चूक, माझ्या मते, बाग करणाऱ्यांच्या चुकीची जुळी बहीण आहे. दोघांनाही वस्ती म्हणजे देखावाच वाटतो. एकाला तो किळसवाणा म्हणून नको, दुसऱ्याला थरारक म्हणून हवा.

यांच्या मधली वाट नव्हती असं कोणी म्हणेल, तर ती त्याच शहरात, कौलूनमध्येच आहे. १९५३च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि ५० हजारांहून जास्त माणसं उघड्यावर पडली. त्यातून हाँगकाँगच्या सरकारी घरांची सुरुवात झाली. १९५४च्या त्या पहिल्या इमारती अगदी साध्या. एका कुटुंबाला एक खोली, नळ आणि संडास सामाईक. आपल्या बीडीडी चाळीतला माणूस तिथे डोळे मिटून वावरला असता. बाकी सगळ्या पाडल्या, पण ‘एच’ अक्षराच्या आकाराची एक, मेई हो हाउस, राखली. २०१३पासून ती प्रवाशांचं वसतिगृह आहे आणि तळाशी तिथे राहिलेल्यांचं संग्रहालय. न्यूयॉर्कमध्येही लोअर ईस्ट साइडच्या चाळीतलं संग्रहालय १९८८पासून आहे. म्हणजे गरिबाची खोली जपता येते, कोणाला तिच्यात कोंडून न ठेवता. किल्ल्याच्या त्या साडेसहा एकरांत साडेतीनशेपैकी एक इमारत, फार तर एका गल्लीची एक बाजू, रिकामी करून, टेकू देऊन, ठेवली असती तर कमळाच्या तळ्याला किती जागा कमी पडली असती? बांधकाम तकलादू होतं, हे उत्तर मला माहीत आहे. पायाचे फुटके दगड खड्ड्यात जपणाऱ्यांना तेही जमलं असतं.

आता ती फोटोजोडी फिरवणाऱ्या माझ्या मित्रांकडे येतो. आपल्या गडांवर अलीकडे ठोकलेली पत्र्याची हॉटेलं आणि सरकारी जमिनीवरचे बंगले काढायला माझा विरोध नाही, खुशाल काढा. पण कौलूनचा दाखला त्यासाठी चालत नाही. पन्हाळ्यावर पूर्ण गाव आहे, नगरपरिषद आहे, आणि वारसा यादीच्या निमित्ताने आपल्यावर कोणते निर्बंध येतील या धास्तीने तिथल्या लोकांनी विरोधही केला. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत आजही काही कुटुंबं राहतात. ती काढून टाकली, की किल्ला जास्त ‘मूळ’ होतो? कोणत्या सालातला मूळ? पन्हाळा शिलाहारांचाही होता. एखाद्या गडावरचं कोणतं वर्ष खरं मानायचं, हे ठरवणाऱ्याने ते वर्ष आधी मोठ्याने सांगावं, म्हणजे बाकीची वर्षं कोणाची होती हे आपल्याला विचारता येईल. मुंबईत १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या तरी माणसं आजही ‘फोर्टात जातो’ म्हणतात. नाव भिंतीने जपलं नाही, रोज तिथे कामाला जाणाऱ्यांनी जपलं.

आणि कौलूनची खरी बहीण शोधायची तर सह्याद्रीत जायला नको, सायनला उतरावं. धारावीत एक किल्ला आहे. काळा किल्ला म्हणतात त्याला. भिंतीवर पाटी आहे, मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७मध्ये बांधला अशी. मिठी नदीच्या काठावर, साष्टीच्या बाजूने कोणी आलं तर बघायला. पुढे त्याच्याभोवती कुंभारवाडा आला, चामड्याचे कारखाने आले, आणि किल्ला घरांच्या गर्दीत असा दडला की जवळून जाणाऱ्यालाही पत्ता विचारावा लागतो. धारावीच्या पुनर्विकासाचं घोडं आता पुढे सरकलं आहे, आणि नकाशात कुठेतरी त्या भिंतीभोवती हिरवा रंग भरला जाईल, हे भाकीत करायला ज्योतिषी नको. त्या हिरव्या तुकड्यातल्या फलकाचा मजकूर कोणीतरी लिहायला घेईलच. १७३७ हे साल त्यावर नक्की येईल. कुंभारवाड्यातल्या भट्टीचा धूर त्या दगडांवर किती वर्षं बसत होता, तेवढं लिहायला खाली दोन ओळींची जागा सोडा.